चंद्रपूरचं शासकीय इलेक्ट्रिकल की पुण्याचं मोठं कॉलेज? परवापर्यंत ठरवायचंय

शुभदा_वरोरा
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते. लिहायची वेळ आज आली.

माझी मुलगी यंदा बारावी झाली. सीईटीला ९३ च्या आसपास पर्सेंटाइल आहेत. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत तिला चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल लागलंय. तिच्या यादीत ते चौथ्या क्रमांकावर होतं. पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी कॉलेजातून संस्थास्तरीय कोट्यातल्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, जागेसाठी रोज फोन येतोय. शाखा एआय-डेटा सायन्स, वर्षाला दोन लाख ऐंशी हजार, राहण्याजेवणाचं वेगळं. तिसरं एक राज्याबाहेरचं अभिमत विद्यापीठ आहे. तिथे कॉम्प्युटर मिळतंय आणि नोंदणीचे पैसे आम्ही घाईत भरूनही बसलोय.

मुलगी म्हणते चंद्रपूर. नववीत असताना तिने शेतातल्या मोटरचा स्टार्टर उघडून आजोबांना घाबरवलं होतं, तेव्हापासून तिचं इलेक्ट्रिकल ठरलेलं आहे. पण मोठे दीर पुण्यात असतात. ते म्हणाले, "लहान कॉलेजात घालून पोरीचं नुकसान करताय. तिथे कोणती कंपनी येणार आहे?" तेव्हापासून आम्हा दोघांनाही झोप नाही.

ज्यांनी लहान कॉलेज घेतलंय त्यांना विचारते. पुढे त्रास होतो का? स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.

हिंगणघाटचा_बंड्या
ताई, पोरीनं सोताहून निवडलं ना? मंग कायले इचार करता? चंद्रपूर घ्या. उन्हाळ्यात कूलर मात्र संग न्या.

अमित_बाणेर
मी स्पष्ट सांगतो. पुणे घ्या. मी लातूरहून पुण्यात शिकायला आलो आणि पहिल्या वर्षात जे पाहिलं ते गावाकडे चार वर्षांत दिसलं नसतं. हिंजवडी-चाकण हाकेच्या अंतरावर, सुट्टीत इंटर्नशिप, पुढच्या बाकावर बसलेला मुलगा तिसऱ्या वर्षातच फ्रीलान्स कमावणारा. कंपन्या मुलं शोधत जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत नाहीत. जिथे एका दिवसात हजार मुलं मिळतात तिथे येतात. हे कटू आहे, पण खरं आहे.

कोयनाकाठचा
शुभदाताई, मी कराडच्या शासकीय कॉलेजचा, ९८ चा इलेक्ट्रिकलवाला. कॉलेज १९६० चं. आमच्या वेळी वर्गात साठ जण. सगळे सर आम्हाला नावानिशी ओळखायचे आणि कोणाचा बाप काय करतो हेही त्यांना माहीत असायचं. मी सलग तीन प्रॅक्टिकल बुडवली तेव्हा आमचे सर संध्याकाळी खोलीवर आले होते. मला ताप होता. त्यांनी डबा ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी ये, लॅब उघडतो." शनिवारी त्यांनी माझ्या एकट्यासाठी लॅब उघडली. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट, शॉर्ट सर्किट टेस्ट मी एकट्याने जोडणी करून केली, सर स्टुलावर बसून बघत होते. मी पुढे पारेषणात, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या कामात, आलो याचं मूळ त्या शनिवारात आहे असं मी आजही मानतो.

त्रासाचंही सांगतो, कारण तुम्ही गोड बोलू नका म्हणालात. पहिल्या तीन मुलाखती माझ्या हातून गेल्या. विषय येत होता, बोलता येत नव्हतं. मुंबई-पुण्याची मुलं समूहचर्चेत घडाघडा बोलायची आणि मी हात वर करून माझी पाळी यायची वाट बघत बसायचो. कंपन्यांमध्ये ओळखीचा सीनियरही कोणी नव्हता. दीड वर्ष मागे पडलो. ते भरून निघालं, पण ते दीड वर्ष सोपं नव्हतं.

राहुल_घाटमाथा
वरच्या दादांचं वाचून बरं वाटलं, पण माझी गोष्ट उलटी आहे. तीही ताईंनी ऐकायलाच हवी.

मीही लहान कॉलेज घेतलं. तालुक्याच्या गावातलं खाजगी, घरापासून अकरा किलोमीटर. वडील म्हणाले डबा घरचा राहील. पहिल्या वर्षी गणिताला एकाच सत्रात तीन शिक्षक बदलले. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. तपासणी समिती येणार म्हणून एकदा दुसऱ्या संस्थेतून टेम्पोभर ऑसिलोस्कोप आले आणि दोन दिवसांनी परत गेले. ते आम्हीच उतरवले आणि आम्हीच चढवले. प्रयोगांची रीडिंगं मागच्या बॅचच्या जर्नलातून उतरवून काढायची, अशी तिथली पद्धत. मी तिसऱ्या वर्षात असताना शाखेचे नवे प्रवेश थांबले, आता ते कॉलेजच नाही. मुलाखतीत कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा विचारतो, "हे कुठे आलं?"

म्हणून 'लहान' हा एकच शब्द वापरू नका. साठ मुलं आणि बारा शिक्षक हेही लहान. साठ जागा, अठरा मुलं आणि तीन शिक्षक हेही लहान.

निवृत्त_मास्तर
राहुल यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझं पूर्ण अनुमोदन. पस्तीस वर्षं अभियांत्रिकी शिकवलं, थोडं सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात १९८३ पर्यंत अभियांत्रिकीच्या जागा मोजक्या होत्या. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि गावोगाव कॉलेजं उभी राहिली. त्यातली काही आज राज्यात नावाजलेली आहेत, काही ओस पडली. दोन्ही लहानपणी सारखीच दिसायची. फरक पडला तो शिक्षक टिकले की नाही यात.

आता नवी गोष्ट. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली. चांगल्या चाललेल्या कॉलेजांना हव्या तितक्या जागा मागता येतात. त्यामुळे शहरांतल्या मोठ्या कॉलेजांत कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या तुकड्या वाढल्या. जागा एका वर्षात वाढतात, शिकवणारा माणूस एका वर्षात तयार होत नाही. मोठं नाव बघून जाल तर तुमची मुलगी कितव्या तुकडीत बसणार आणि तिला शिकवायला कोण येणार, हे विचारून घ्या.

नियम वीस मुलांमागे एक शिक्षक असा आहे. साठच्या शाखेत चार वर्षांची दोनशे चाळीस मुलं, म्हणजे बारा शिक्षक हवेत. प्रत्येक कॉलेजला आपली माहिती संकेतस्थळावर जाहीर करावी लागते, त्यात शिक्षकांची यादी असते. ती घेऊन विभागात जा आणि खोल्यांवरच्या पाट्या मोजा. एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं, मानांकन कॉलेजला नसतं, शाखेला असतं. 'आम्हाला एनबीए आहे' असं सांगणाऱ्याला 'कोणत्या शाखेला, कधीपर्यंत?' असं विचारा. शासकीय कॉलेजांतही पदं रिक्त असतात, तिथेही मोजा. मी शासकीय नोकरीतच होतो, म्हणून हे हक्काने सांगतो.

आणि दुपारी जा. सकाळी अकराला पाहुण्यांना सगळं दाखवतात. दुपारी तीनला लॅबमध्ये मुलं उभी असतील तर ते कॉलेज चालू आहे.

प्रज्ञा_म
पैशाचं कोणीच बोललं नाही. शुभदाताई, उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे का? असेल तर शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क माफ होतं. पण कॅपमधून प्रवेश असेल तरच. कोट्याच्या जागेला काही मिळत नाही.

सीमा_अमरावती
प्रज्ञा, मुलींसाठी ते बदललंय ग. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. उत्पन्नाची अट आठ लाखच. प्रवेश कॅपमधूनच हवा हेही खरं. अभिमत विद्यापीठं आणि खाजगी विद्यापीठं त्यात येत नाहीत. विकास शुल्क आणि वसतिगृह मात्र भरावं लागतं. माझ्या भाचीचं मागच्या वर्षी झालं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज वेळेत भरा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलला रांग असते.

प्रज्ञा_म
अरे वा, हे माहीत नव्हतं. दुरुस्तीबद्दल आभार सीमाताई.

शुभदा_वरोरा
सीमाताई, आमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे, उत्पन्नही आत बसतं. म्हणजे एकीकडे शिक्षण शुल्क शून्य आणि दुसरीकडे चार वर्षांचे सव्वाअकरा लाख. हा हिशेब मी कागदावर मांडलाच नव्हता. मुलीला सांगितलं तर म्हणाली, "आई, मी पैशासाठी नाही म्हणत चंद्रपूर." ते मला माहीत आहे. पण धाकटाही दोन वर्षांनी बारावीला येतोय.

अमित_बाणेर
पैशाचा मुद्दा मान्य. तेवढं कर्ज काढून कोट्यात जा असं मी म्हणणार नाही. पण मग पुढच्या फेरीत पुण्यातली कॅपची जागा बघा ना! इलेक्ट्रिकलच हवं असेल तर पुण्यातही आहे.

सीमा_अमरावती
बघता येईल, पण जपून. चौथ्या पसंतीची जागा आहे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतीच्याच जागा आपोआप गोठतात, म्हणजे पक्क्या होतात, म्हणून ताईंना बेटरमेंटला, म्हणजे ही जागा हातात ठेवून आणखी चांगली मिळते का बघायला, जाता येतं. मात्र पुढच्या फेरीत नवीन जागा लागली की हातातली आपोआप जाते, मागे येता येत नाही. त्यामुळे यादीत फक्त चंद्रपूरपेक्षा मनापासून जास्त हवी असलेलीच कॉलेजं ठेवा. 'असू दे' म्हणून एकही नको. शेजारच्यांनी असंच एक नाव भरलं होतं, नेमकं तेच लागलं आणि मुलगा महिनाभर रडत होता.

अपूर्वा_तृतीयवर्ष
मी पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. दोन्ही बाजू सांगते.

चांगलं म्हणजे इथे ज्याला काही करायचंय त्याला सोबत मिळते. आमच्या रोबोटिक्स गटात चाळीस जण आहेत, रात्री बारापर्यंत वर्कशॉप उघडी असते. सीनियर तीन कंपन्यांत आहेत, ते आमचे रेझ्युमे तपासून देतात. हे मला माझ्या गावात मिळालं नसतं. अमितदादांशी मी सहमत आहे.

पण प्रॅक्टिकलला आम्ही एका बॅचमध्ये पंचवीस असतो. सर फार चांगले आहेत, पण त्यांच्याकडे अशा सात बॅच. माझं नाव त्यांना माहीत नाही, रोल नंबर माहीत आहे. पहिल्या वर्षी मला खूप एकटं वाटायचं आणि ते कोणाला सांगावं तेही कळायचं नाही. ज्या मुली आपणहून पुढे होऊन विचारतात त्यांचं इथे सोनं होतं. ताई, तुमची मुलगी तशी आहे का?

शुभदा_वरोरा
अपूर्वा, तुझा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला बाळा. यंत्रापुढे ती कोणाला भीत नाही. माणसांपुढे भीते.

पॅनेलवाला
चाकणला आमचा कंट्रोल पॅनेल बनवायचा कारखाना आहे. दरवर्षी सात-आठ नवीन इलेक्ट्रिकल इंजिनियर घेतो, मुलाखत मी स्वतः घेतो. मी एकच गोष्ट करतो. कोरा कागद देतो आणि म्हणतो, स्टार-डेल्टा स्टार्टरचं, म्हणजे मोटर आधी कमी दाबावर चालू करून मग पूर्ण दाबावर नेणाऱ्या स्टार्टरचं, कंट्रोल सर्किट काढ.

मागच्या वर्षी मराठवाड्यातल्या लहान कॉलेजचा एक मुलगा आला. चपला बाहेर काढून आत येत होता, मी म्हटलं राहू दे. त्याने कागदावर सगळ्यात आधी ओव्हरलोड रिलेचा एनसी (एरवी जोडलेला असणारा) कॉन्टॅक्ट काढला आणि बाजूला ९५-९६ असे टर्मिनलचे आकडे घातले. मग स्टॉप बटण, मग स्टार्ट, मग टायमर. स्टार आणि डेल्टाच्या कॉन्टॅक्टरमध्ये इंटरलॉक न विसरता दिला. मी विचारलं, हा कशाला? म्हणाला, "सर, दोन्ही एकदम बसले तर तिन्ही फेज एकमेकांना भिडतील." पुस्तकातलं वाक्य नव्हतं ते. त्याने एकदा तरी भिडलेले बघितले होते. मी तिथेच घेतला. त्याच दिवशी नावाजलेल्या कॉलेजांची चार मुलं त्या कागदावर अडली होती.

पण अमितरावांचं एक खरं आहे. तो मुलगा माझ्यापर्यंत पोचला कारण त्याच्या मावसभावाने मला फोन केला. आम्ही त्याच्या कॉलेजात कधी गेलो नव्हतो. यंदा जाणार आहे.

हिंगणघाटचा_बंड्या
आन् ताई, इलेक्ट्रिकलवाल्याले चंद्रपूरसारखं गाव नाही. अख्खं औष्णिक वीज केंद्र उशाशी हाय, २९२० मेगावॅटचं! कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल. ऊन तर इतकं की सोलर पॅनेलं नाचतीन.

पॅनेलवाला
बंडूभाऊ, सोलरला उजेड हवा, उष्णता नको. पंचवीस अंशांच्या वर पॅनेल जसं तापतं तसं दर अंशाला साधारण ०.४ टक्का उत्पादन घटतं. मे महिन्यात पॅनेल पासष्ट अंशांवर गेलं की सोळा टक्के तिथेच गेले.

हिंगणघाटचा_बंड्या
घ्या! म्हंजे पॅनेलालेही कूलर लागते. मी आधीच सांगतलं होतं.

कोयनाकाठचा
:) बंडूभाऊ जिंकले.

वीज केंद्राचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. वीज मंडळाच्या २००५ साली तीन कंपन्या झाल्या: निर्मिती, पारेषण, वितरण. त्यांची भरती परीक्षेने होते, कॉलेजचं नाव तिथे कोणी विचारत नाही. पॉवरग्रिड, एनटीपीसी या केंद्राच्या वीज कंपन्या गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेचे गुण बघतात. शिवाय शेतीच्या वाहिन्या सौर ऊर्जेवर आणायचं काम राज्यभर चालू आहे, त्याला माणसं लागताहेत. कॅम्पसला कोण येतं एवढ्यावर इलेक्ट्रिकलच्या मुलीचं भवितव्य ठरत नाही. पहिल्या वर्षापासून गेटचा अभ्यास आणि बोलायचा सराव, या दोन गोष्टी तिला आत्ताच सांगा. मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

निवृत्त_मास्तर
शुभदाताई, गेलात का बघायला?

शुभदा_वरोरा
गेलो होतो मास्तर. आज दुपारी, तुम्ही सांगितलं तसं तीनच्या सुमारास. वरोऱ्याहून एसटीने, मी आणि ती.

पाट्या मोजल्या. दोन खोल्या बंद होत्या, विचारलं तर पदं रिक्त असल्याचं सरांनी सरळ सांगितलं. एक मॅडम म्हणाल्या, "आम्ही कमी आहोत, पण जे आहोत ते संध्याकाळी सहापर्यंत इथेच असतो." त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, याचंच मला बरं वाटलं.

मग मशीन लॅब. तिथे चार-पाच मुलं राहिलेले प्रयोग करत होती. लॅबचे मामा पन्नाशीचे असतील, खाकी शर्ट, खिशात टेस्टर. मुलगी दारातच उभी राहून एका जुन्या डीसी मोटरकडे बघत होती. मामा म्हणाले, "ये ना बेटा, लावतेस का?" तिला थ्री-पॉइंट स्टार्टरचा दांडा धरायला दिला. म्हणाले, हळू सरकव, एकेका खुंटीवर थांब. तिने सरकवला, मोटर घुमायला लागली, आवाज चढत गेला, आणि शेवटी दांडा तिथेच चिकटून राहिला. तिने हात सोडला तरी पडेना. मग मामांनी मेन स्विच बंद केला. दोन-तीन सेकंदांनी खट्‌दिशी दांडा आपोआप मागे आला. मी दचकले. ती नाही दचकली. तिने विचारलं, "हा लगेच का नाही आला? थोडा थांबून का आला?"

मामा तिच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "हे तिसऱ्या वर्षाची पोरं विचारत नाहीत." मग बसून समजावलं. आत एक कॉइल असते, तिच्यात वीज आहे तोवर ती दांडा धरून ठेवते. लाइट गेली तरी मोटर फिरत असते तोवर स्वतःच थोडी वीज देत राहते, ती पुरेशी कमी झाली की कॉइल दांडा सोडते. म्हणजे लाइट परत आली तर मोटर एकदम झटका खात नाही. मला सगळं कळलं नाही. तिचा चेहरा मात्र मी विसरणार नाही. माणसांपुढे भिणारी माझी मुलगी अर्धा तास त्या अनोळखी मामांशी बोलत होती.

परत येताना एसटीत दिरांना फोन लावला आणि सांगितलं, चंद्रपूर ठरलं. जागा फ्रीझ करतोय. ते थोडे नाराज झाले. मग विचारलं, "वसतिगृहात जागा आहे ना?"

राहुल_घाटमाथा
ताई, वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे असे एक मामा असते तरी पुरलं असतं.

अमित_बाणेर
शुभदाताई, अभिनंदन. माझं मत पुण्याचंच होतं आणि सर्वसाधारणपणे अजूनही आहे. पण तुमच्या मुलीसाठी तुमचा निर्णय बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिला पुण्यात इंटर्नशिप हवी असेल तर मला निरोप करा. माझी बायको एका ऑटोमेशन कंपनीत आहे, घरात एक खोली रिकामी आहे.

पॅनेलवाला
आणि नाही मिळाली तर आमचा कारखाना आहेच. कोरा कागद तयार ठेवतो.

सीमा_अमरावती
ताई, अभिमत विद्यापीठाची नोंदणी रद्द केल्याचा लेखी अर्ज आजच पाठवा, ईमेलने, आणि पोच घ्या. परताव्याची मुदत असते, नुसतं फोनवर सांगून चालत नाही.

शुभदा_वरोरा
सीमाताई, आत्ता बसून तोच लिहितेय. मुलगी शेजारी आहे, ती म्हणते सगळ्यांना नमस्कार सांग. आणि पॅनेलवाल्या काकांना विचारतेय की स्टार-डेल्टात टायमर किती सेकंदांवर लावायचा ते कसं ठरवतात?

पॅनेलवाला
मोटर पूर्ण वेगाच्या जवळ पोचायला किती वेळ घेते त्यावर, बेटा. लोड जड असेल तर जास्त वेळ लागतो. शेतातल्या मोटरचं घड्याळ लावून मोज आणि इथेच लिही. आजोबांना मात्र आधी सांग.